दोजेची सही

काचीगुडा, हैदराबाद
३ नोव्हेंबर २०२५

ती. इंदुताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडायचं आणि तू "हं, हं" करत भलतंच उत्तर द्यायचं, त्यापेक्षा पत्र बरं, असं आपलं ठरलं ते फार चांगलं झालं. सोबत माझ्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं पाठवतोय. चुलत भावाची दयामाया न करता लाल पेनाने तपास. बावीस वर्षं आपल्या शाळेच्या मराठी विभागाची तू मुख्याध्यापिका होतीस. ऐंशी उलटली म्हणून दुसऱ्याच्या चुका काढायची हौस थोडीच गेली असेल!

विषय तुला सांगितला होता, तरी पुन्हा सांगतो. व्हेनिसचा दोजे फ्रान्चेस्को फोस्कारी. दोजे म्हणजे त्या नगरराज्याचा प्रमुख. निवडून आलेला, पण एकदा बसला की मरेपर्यंत गादीवर. हा १४२३ साली बसला आणि चौतीस वर्षं राहिला. डोक्यावर जरीची छत्री, पुढे कर्णे, सगळे हुकूम त्याच्या नावाने. पण परराज्यातून आलेलं पत्रसुद्धा सल्लागार शेजारी असल्याशिवाय त्याला उघडता येत नसे. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. अकरा वर्षं मी शाळा समितीचा अध्यक्ष आहे, ते तरी दुसरं काय करतो? आमचे चिटणीस प्रतापराव ठराव लिहितात, मी सही करतो.

कालच्या सभेत मात्र मी दोजे नव्हतो. तपासणीला आलेल्या साहेबांना मराठी विभागाच्या पटावर एक्केचाळीस मुलं दिसली आणि वर्गांत सतरा. बाकीची नावं बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांची. आईबाप केव्हाच दुसऱ्या साइटवर नाहीतर गावी गेलेत, आणि कुणा शिक्षकाने रोज त्यांच्यापुढे 'हजर' लिहिलंय! प्रतापराव म्हणाले, "सर, नाव-गीव नंतर बघू. तुम्ही फकत उसूल सांगा. असं करणाऱ्याचं काय करायचं?" मी तत्त्व म्हणून ठणकावून सांगितलं, "कुणीही असो, त्याला शाळेत ठेवायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. शब्द न् शब्द इतिवृत्तात गेला.

विभागात तिघं शिक्षक आहेत, त्यात आपला हेमंत. म्हणून मी मुद्दाम जास्तच कडक राहिलो. मुलगा तिथे आहे म्हणून अध्यक्ष नरमला, असं उद्या कुणी म्हणायला नको. कचेरीत तुझा फोटो आहे ना, 'पटसंख्या एकशेबारावर नेणाऱ्या आदरणीय इंदुताई' असं खाली लिहिलेला, त्याच्या समोरच बसून बोललो. तू ऐकलं असतंस तर खूश झाली असतीस.

तुझा,
लक्ष्मण

* * *

नांदेड
८ नोव्हेंबर २०२५

चि. लक्ष्मणास अनेक आशीर्वाद.

प्रकरणं वाचली. पहिल्या चार पानांत 'वस्तुतः' अकरा वेळा आलंय. मी नऊ काढले, दोन तुझ्या समाधानासाठी ठेवले. फोस्कारीच्या निवडणुकीत चिठ्ठ्या टाकणाऱ्यांची जी यादी दिली आहेस ती वाचताना मला झोप लागली आणि उठल्यावर पुन्हा तीच यादी समोर. ती काढ. बाकी माणूस चांगला उभा केलास. पण मला त्याच्याबद्दल आदर नाही वाटला, कीवच आली. एवढा मोठा माणूस आणि स्वतःचं पत्र फोडायची चोरी!

सभेचं वाचून मात्र बरं वाटलं नाही. नाव कळायच्या आत शिक्षा सांगून मोकळा झालास? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सत्तरी ओलांडली तरी तुझं हे जात नाही. कामावरच्या लोकांचं तुला माहीत आहे. आज नारायणगुड्याला, उद्या कुठल्या कुठे. चार नावं खोडायची राहून गेली असतील. एवढ्याशा गोष्टीला वाफ दिली की ती फुगते. प्रतापरावांना चहाला बोलाव आणि गोडीने मिटवून टाक.

पट हल्ली कुणाकडे असतो? हेमंतकडे का? सहज विचारते.

गुडघे दुखतात. बाकी ठीक.

इंदुताई

* * *

काचीगुडा
१४ नोव्हेंबर २०२५

ती. इंदुताईस,
सा. न.

तुला कसं सुचलं, कोण जाणे. पट हेमंतकडेच आहे, आणि तोही पंचवीस वर्षांपासून. मी बाप, मी अध्यक्ष, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

परवा प्रतापराव घरी आले. अर्धा कप चहा झाल्यावर म्हणाले, "सर, परेशान होऊ नका, पण अक्षर हेमंतचं आहे. त्याला विचारलं, नावं तूच लिहिलीस का? तो हौ म्हणाला. आता तुमचाच उसूल आहे ना सर, आम्ही काय बोलणार!" अकरा वर्षं मी स्नेहसंमेलनात उभं राहून "आपल्या मराठी विभागाची पटसंख्या" असं छाती फुगवून सांगत आलो. एकदाही वर्गात जाऊन डोकी मोजली नाहीत. इतिहासाचा मास्तर म्हणवतो मी, आणि कागदावरच्या आकड्याला भुललो.

चौकशी चालू आहे, तेवीस तारखेला सभा. तोवर मी हेमंतशी या विषयावर बोलत नाही. अध्यक्षाने आरोपीला घरात पढवलं, असं व्हायला नको. सकाळी चहाला आम्ही समोरासमोर बसतो. सूनबाई अनुराधा आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघते. हेमंत कप घेऊन बसून राहतो. मी पेपर काढतो.

आणि नशीब बघ, लिहायला प्रकरण तिसरंच आलंय. फोस्कारीचे चार मुलगे आधीच गेलेले, उरला एकटा याकोपो. व्हेनिसमध्ये 'दहांचं मंडळ' म्हणून होतं, खरी सत्ता त्यांची. त्यांच्यातल्या एका सरदाराचा खून झाला आणि आळ याकोपोवर आला. त्याचा छळ केला. त्याने कबूल केलं नाही, तरी क्रीट बेटावर हद्दपार केला. हुकूम निघाले ते बापाच्याच राज्यात. पुढे म्हणतात, दुसऱ्याच एकाने मरताना सांगितलं की खून मी केला होता. इतिहासकार त्यावर वाद घालतात. मला तो भाग लिहिताना हात चालेना. ज्याला ठाऊक होतं तो इतकी वर्षं जेवला कसा असेल?

एक काम आहे. समितीच्या वतीनेच विचारतो, प्रतापरावांनी सुचवलं. तुझ्या काळात पटावर अशी गेलेल्या मुलांची नावं ठेवायची पद्धत होती का? तशी काही रीत होती असं तू लिहिलंस, तर हेमंतवर एकट्यावर येणार नाही. असेल ते लिही. वेळेत पाठव.

लक्ष्मण

* * *

नांदेड
१७ नोव्हेंबर २०२५

चि. लक्ष्मणास आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं, आजच उत्तर टाकते.

आमच्या वेळी असं काही नव्हतं. मूल गेलं की नाव कमी व्हायचं. पट स्वच्छ असे. समितीला तसं सांग.

हेमंत मनाने वाईट नाही. काही शिक्षा सौम्य करता आली तर बघ. पण तू म्हणतोस तेही बरोबर आहे, चौकशी संपेपर्यंत घरात विषय काढू नकोस. शिस्त ती शिस्त.

तिसरं प्रकरण अजून तपासलं नाही. डोळ्यांना त्रास होतो.

इंदुताई

* * *

काचीगुडा
२४ नोव्हेंबर २०२५

ती. इंदुताईस,
सा. न.

काल सभा झाली.

तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर अध्यक्षाने काही गाळलं का, अशी शंका राहिली असती. "पट स्वच्छ असे" इथवर आलो तेव्हा हेमंतने माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. पाहिलं आणि मान खाली घातली. प्रतापराव म्हणाले, "ताईंच्या वेळी नव्हतं म्हणजे हे ह्यानेच सुरू केलं." मग इतिवृत्त उघडून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. "कुणीही असो." मी सौम्य शिक्षेबद्दल बोललो, ताई, खरंच बोललो. समितीतले हिम्मतराव म्हणाले, "सर, दुसऱ्याचा मुलगा असता तर बोलला असता का?" यावर काय उत्तर आहे? असेल तर तू सांग.

हेमंतला विचारलं, काही सांगायचं आहे का. तो नाही म्हणाला. त्याला नोकरीतून काढल्याचा आदेश टाइप करूनच आणला होता. मी सही केली. माझी सही तुला माहीत आहे, 'ल'ची शेपटी लांब जाते. काल गेली नाही, तिथेच थांबली.

परत आलो. तो आपल्या खोलीत, मी माझ्या. काही सुचेना म्हणून चौथं प्रकरण लिहायला घेतलं. याकोपोला पुन्हा पकडून आणतात, पुन्हा छळतात. जाताना तो म्हाताऱ्या बापाला म्हणतो, मला घरी येऊ द्या, माझ्यासाठी काही करा. दोजे म्हणतो, "जा याकोपो, नगर सांगेल ते ऐक, आणि आणखी काही मागू नकोस." मुलगा दिसेनासा झाल्यावर मात्र तो कोसळतो. काही महिन्यांत मुलगा क्रीटमध्येच मेला.

हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. 'कर्तव्यनिष्ठा' असा मथळा फळ्यावर लिहून शिकवलं. काल वाटलं, तो मथळा पुसायला हवा होता. तू म्हणशील लक्ष्मण रडतोय. हो, रडतोय.

लक्ष्मण

* * *

नांदेड
२८ नोव्हेंबर २०२५

चि. लक्ष्मणास,

आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही, पण लिहिते.

मी खोटं लिहिलं. पटावर गेलेल्या मुलांची नावं ठेवायची रीत माझी आहे. मी सुरू केली, आणि निवृत्त होताना हेमंतच्या हातात पट दिला तेव्हा मीच त्याला सांगितलं, "गेलेल्या मुलाचं नाव खोडायचं नाही." एकवीस-बावीस वर्षांचं पोर ते. आत्या सांगते आणि मुख्याध्यापिका सांगते. कशाला नाही म्हणेल?

कशी सुरू झाली तेही सांगते. राणी नावाची मुलगी होती दुसरीत. बाप गवंडी. साइट बदलली, सहा महिन्यांनी परत आले, तोवर मी नियमाने तिचं नाव कमी केलं होतं. दाखल्याचे कागद आणा म्हटलं, बापाकडे कुठले कागद? ती आठवडाभर फाटकाशी येऊन उभी राहायची, मग यायची बंद झाली. तेव्हापासून मी नाव खोडणं सोडलं. आमची रीतच झाली, मूल परत आलं की त्याचं नाव पुकारलं गेलं पाहिजे. आणि यायचीही परत, लक्ष्मण. चार-पाच तरी दरवर्षी यायची. पहिली दोन वर्षं ती दया होती. नंतर मराठी मुलं कमी होत गेली, विभाग बंद करायच्या गोष्टी निघायला लागल्या, आणि मग ती सोय झाली. फोटोखालच्या त्या एकशेबारांत किती खरी होती, मलाच माहीत नाही.

खोटं का लिहिलं? भीतीने. कुणी तुरुंगात टाकेल याची नाही. भिंतीवरून तो फोटो उतरेल याची. इथे नांदेडात मला कुणी ओळखत नाही. सून म्हणते, "आई, तुम्ही मुख्याध्यापिका होता म्हणे." म्हणे! माझ्याजवळ तेवढंच होतं. आणि "घरात विषय काढू नकोस" असं लिहिलं तेही शिस्तीसाठी नाही. तू त्याला विचारलंस तर तो सांगेल, म्हणून.

तू लिहिलंस ना, ज्याला ठाऊक होतं तो इतकी वर्षं जेवला कसा असेल. जेवता येतं, लक्ष्मण. मी जेवत होते.

हे पत्र समितीपुढे वाच. सगळं. आत्ताच्या आत्ता वाच. माझं काय व्हायचं ते होऊ दे, माझ्या पोराला परत घ्या.

इंदुताई

* * *

काचीगुडा
९ डिसेंबर २०२५

ती. इंदुताईस,

तुझं पत्र तीन तारखेला आलं. त्याच दिवशी मी ते घेऊन प्रतापरावांकडे गेलो. चपला घालायचंही भान नव्हतं, घरातल्या स्लिपरवरच गेलो.

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला. मग म्हणाले, "सर, ताईंना माझा नमस्कार कळवा. पण हे पत्र वर गेलं तर मागचे सगळे पट उघडतील. आज एका मास्तरची चूक आहे, मग शाळेची होईल. विभाग उद्याच बंद. आत्ता मी साहेबांच्या हातापाया पडून एप्रिलपर्यंत चालू ठेवलाय. ती सतरा पोरं कुठं घालू मी? तुम्हीच बोला." मी म्हटलं, हेमंतचं काय? ते म्हणाले, "आणि ताईंचं पहिलं पत्र आपण पुरावा म्हणून घेतलंय. वाचलं कुणी? तुम्ही. आता हे दुसरं काढलं तर लोक म्हणतील, मुलासाठी बहिणीकडून लिहून घेतलं. नक्को सर. मी तुमच्या भल्याचं सांगतो."

ताई, मी त्या माणसाला दुष्ट म्हणायला तयार होतो. तो दुष्ट नाही. त्याने जे सांगितलं त्यातलं एकही मला खोडता आलं नाही. मी राजीनामा पुढे केला. त्यांनी तो घडी करून माझ्याच खिशात घातला. "सर, तुमच्याशिवाय आहे कोण?" फोस्कारीला निदान म्हातारपणी जबरदस्तीने खाली उतरवलं. मला उतरूही देत नाहीत.

घरी येऊन हेमंतला तुझं पत्र वाचायला दिलं. त्याने वाचलं, परत दिलं, म्हणाला, "राहू द्या बाबा. माझं पुण्याचं ठरलंय." सूनबाईच्या भावाने तिथे एका क्लासमध्ये शब्द टाकलाय. सात तारखेला ते काचीगुड्याहून गेले. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मला खूप बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "पाण्याची बाटली घेतलीस का?" तो हो म्हणाला. वाकून पाया पडला.

तुझं पत्र सोबत परत पाठवतोय. इथे ते ठेवून घ्यायला कुणी तयार नाही. मी तुझ्यावर रागावलोय का, असं तू विचारशील. रागावलोय. पण रागावून कुठे जाऊ? दुसरं कोण आहे मला पत्र लिहायला? पुढचं प्रकरण लिहिणार नाही. हेमंतचा पत्ता खाली देतो. वाटलं तर त्याला लिही.

लक्ष्मण

* * *

पुणे
२२ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर तपासून घ्या. आम्ही इथे ठीक आहोत. क्लास संध्याकाळचा आहे, दहावीची मराठी शिकवतो. पोरं इंग्रजीतून शंका विचारतात. चालतंय.

तुम्ही माफी मागितलीत. चार पानं मागितलीत. आत्या, ते पुन्हा करू नका, मला वाचवत नाही. राणीची गोष्ट मला माहीत नव्हती. पण नाव खोडायचं नाही हे मला पटलंच होतं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आठ महिन्यांनी परत आला आणि आल्या आल्या आपल्या जागेवर जाऊन बसला. मी नाव पुकारलं, त्याने "हजर" म्हटलं. तेवढ्यासाठी मी बाकीच्या चोवीस खोट्या खुणा करत होतो. ते चूकच होतं. तुम्ही सांगितलंत म्हणून केलं असं मी म्हणणार नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या सांगण्यावरून कुणी काही करत नाही.

पण तुम्ही एक चुकीचं लिहिलंत, ते दुरुस्त करतो. तुम्ही लिहिलंत की मी तुमचं नाव घेतलं नाही हे माझे उपकार आहेत, मी थोर आहे. तसं नाही. समितीसमोर तुमच्या फोटोखाली उभं राहून तुमचं नाव घ्यायला माझी जीभ वळली नाही, हे खरं. पण घरी मी सांगणार होतो. त्या तीन आठवड्यांत रोज सकाळी बाबांच्या समोर चहा घेऊन बसत होतो, तो त्यासाठीच. अनुराधा म्हणायची, "तुम्हीच बोला ना." मी म्हणायचो, मी आपणहून बोललो तर ते अध्यक्ष होतील आणि ऐकणार नाहीत. त्यांना विचारू दे. "हेमंत, का केलंस?" एवढंच. वाक्यसुद्धा मी जुळवून ठेवलं होतं. ते पेपर काढायचे. मी कप विसळून ठेवायचो.

त्यांनी विचारलं असतं तर मी तुमचं नाव सांगितलं असतं, आत्या. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी कुणाला वाचवत नव्हतो. मला कुणी विचारलंच नाही.

हे बाबांना कळवू नका. त्यांना सहन होणार नाही.

आपला,
हेमंत